धुराडं पाडू नका ताई, आधी त्याच्यावरचं सिमेंट उतरवा

बेळगावातल्या शहापूरच्या एका ताईंचं पत्र आलंय, फोटोंसकट. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. त्यांचं माहेर कारवारचं, काळी नदीच्या पलीकडं सदाशिवगडच्या बाजूला. घर १९३१ चं, चौकटीवर साल कोरलेलं आहे. भिंती चिऱ्याच्या, वर मंगळुरी कौलं आणि स्वयंपाकघराला बांधीव धुराडं. तीन वर्षांमागं धुराड्याशेजारनं पाणी गळायला लागलं म्हणून एका काँट्रॅक्टरनं ते बाहेरनं सगळं सिमेंटनं लिंपलं, वर ऑइल पेंट मारला आणि माथ्यावर काँक्रीटची लादी बसवून दिली. एक पावसाळा बरा गेला. आता गळती पहिल्यापेक्षा जास्त, आतल्या भिंतीवर चहा सांडल्यासारखे तपकिरी ओघळ, बाहेर पांढरी पावडर, चिऱ्याचे पापुद्रे सुटून खाली पडतात आणि चूल पेटवली की धूर घरात. आईंचं वय अठ्ठ्याहत्तर, पेज आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच. भाऊ म्हणतो धुराडं पाडूया नाहीतर त्याच्यातनं गॅस गीझरचा पाइप तरी सोडूया, वहिनींना इलेक्ट्रिक चिमणी पाहिजे, आणि ताई विचारतात की मी काय सांगू त्यांना.

ताई, पहिली गोष्ट म्हणजे तुमचं धुराडं म्हातारं झालंय म्हणून गळत नाही. नव्वद वर्षं ते कारवारच्या पावसात उभं होतं, तीन वर्षांत त्याची ही दशा झाली, मग बिघाड त्या तीन वर्षांत शोधायचा की नव्वद वर्षांत? भावाला एवढंच विचारा आधी.

आता चिऱ्याचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. आपला जांभा दगड म्हणजे काळ्या दगडासारखा घट्ट नव्हं, स्पंजासारखा आहे, बारीक बारीक भोकं. खाणीतनं काढतो तवा कुऱ्हाडीनं तासता येतो, मग वाऱ्यावर कडक होतो. १८००-०१ मधी बुकानन नावाचा स्कॉटिश डॉक्टर मलबारात फिरत होता, त्यानं हे बघितलं आणि विटेसारखा कापता येतो म्हणून लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरनं त्याला १८०७ च्या आपल्या पुस्तकात लॅटराइट नाव दिलं. तर हा दगड पावसात पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. पिऊ नये म्हणून काही करता येत नाही, सोडायला वाट ठेवायची एवढंच आपल्या हातात. जुने लोक चुन्यात बांधायचे कारण चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र, पाणी दरजेतनं, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यातनं, बाहेर निघून जायचं, आणि झिजायचंच झालं तर चुना झिजायचा, दगड नाही. वीस-पंचवीस वर्षांनी दरजा परत भरल्या की झालं. सिमेंट ह्याच्या बरोबर उलट. सिमेंट कडक आणि बंद. तडा गेल्याशिवाय राहत नाही, कारण खाली चुलीनं तापतं, वर पावसानं गार होतं, आणि केसाएवढा तडा गेला की पाणी आत जातं खरं बाहेर यायला वाट नाही. वर ऑइल पेंट म्हणजे रेनकोट घालून घाम काढायचा प्रकार.

त्यात कारवार. बेळगावात हीच चूक केली असती तर दहा वर्षं चालून गेलं असतं. समुद्राच्या वाऱ्यात मीठ असतं, ते दगडात शिरतं, पाण्यात विरघळून हिंडत राहतं, आणि जिथनं पाणी वाळतं तिथं मिठाचे खडे धरतात. तीच तुमची पांढरी पावडर, आपण लोणा म्हणतो. दरजा चुन्याच्या असत्या तर मीठ दरजेत येऊन चुना पोखरलं असतं. दरजा सिमेंटच्या म्हणून पाणी दगडाच्या तोंडातनं बाहेर पडतं आणि खडे दगडाच्या आतच फुगतात. तुमचा दुसरा फोटो मोठा करून बघा, चिरा बोटभर आत गेलाय आणि सिमेंटच्या रेघा तशाच पुढं उभ्या आहेत, मधमाशीच्या पोळ्यासारख्या. हा फोटो मी कुठल्याही मेस्त्रीला दाखवीन, बोलायची गरज पडणार नाही.

हे शहाणपण मलाबी उशिरा आलं हं. खानापूरला आमच्या जुन्या घराची न्हाणीकडची भिंत ओल धरत होती, मी नुकता साइटवर जायला लागलेलो, मोठा तोरा, वडील नको नको म्हणत असताना कमरेएवढा सिमेंटचा गिलावा मारून घेतला. ओल कमी झाली नाही, ती गिलाव्याच्या वर चढून छातीपर्यंत आली. वडील काही बोलले नाहीत, फक्त शर्ट टांगायची खुंटी हातभर वर ठोकली. पुढं दहा-बारा वर्षं ती खुंटी रोज बघत होतो मी.

तर काम. सगळ्यात आधी काहीही तोडायच्या आधी हातातला आरसा घ्या, चूल थंड असताना धुराड्याच्या तोंडाखाली तिरका धरा, भर दुपारी. आभाळाचा चौकोन दिसला पाहिजे. तुमच्या लादीमुळं पूर्ण दिसणार नाही खरं कडेनं उजेड तरी यायला पाहिजे. उजेडच नसंल तर काजळी, पाखरांची घरटी नाहीतर आत ढासळलेला गिलावा, तिघांपैकी काहीतरी अडकलंय. घरट्यात पिलं असली तर उडून जाईपर्यंत थांबा, चार आठवड्यानं काही बिघडत नाही.

धूर घरात येतोय त्याचं कारण मला फोटोतच दिसतंय, हिशोबच सांगतो. तुमच्या धुराड्याचं आतलं तोंड नऊ इंच बाय नऊ इंच लिहिलंय, म्हणजे एक्क्याऐंशी चौरस इंच. लादी ठेवलीय दोन इंच उंचीवर, चार कोपऱ्यांना विटेचे तुकडे देऊन. चारी बाजू मिळून छत्तीस इंच गुणिले दोन, बहात्तर, त्यातनं विटांचे तुकडे वजा करा, पन्नासभर उरले, आणि त्याच्यावर बारीक जाळी मारलीय जी काजळीनं बुजली असणार. एक्क्याऐंशीचा धूर पन्नासातनं कसा जाईल? वर नारळाच्या सोडणांचा नि ओल्या झावळ्यांचा धूर, तो जड आणि डांबरट. लादी निदान सहा इंच वर पाहिजे, आठ असली तर आणखी बरं, जाळी बोट जाईल एवढ्या भोकाची. लादीच्या खालच्या अंगाला कडेनं एक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी खालनं सरपटत आत येणार नाही, खाचेपाशी थेंब तुटून पडतो. काँक्रीटपेक्षा एक शहाबादी फरशी ठेवली तरी चालतं. आणि धुराड्याची उंची बघा. कौलातनं जिथं बाहेर येतं तिथनं निदान तीन फूट, आणि दहा फुटाच्या आत आढं असंल तर आढ्यापेक्षा दोन फूट वर. त्यापेक्षा ठेंगणं असलं की नैऋत्येचा वारा आढ्यावरनं उडी मारून सरळ धुराड्यात उतरतो आणि धूर खाली ढकलतो.

तपकिरी ओघळ म्हणजे काजळीतलं डांबर पाण्यात विरघळून भिंतीत उतरलेलं. त्याच्यावर कितीबी रंग मारा, परत वर येणार. पाणी थांबलं, भिंत वाळली, तो गिलावा काढून नवा केला की मगच जाईल.

आता गळती. माझा अंदाज असा की निम्मं पाणी माथ्यावरनं येतंच नाही, कौलं आणि धुराडं जिथं भेटतात तिथनं येतं. तिथं सिमेंटची गोलाई केलीय. कौलं लाकडी रिपांवर बसलेली, ती हलतात, ऊन-पावसात लाकूड फुगतं आटतं, धुराडं हलत नाही, मग मधलं सिमेंट फाटणारच. तिथं पत्र्याची पट्टी पाहिजे, वरची कड धुराड्याच्या दरजेत इंचभर आत घुसवलेली आणि खालची कौलावर लोळणारी. उताराच्या वरच्या अंगाला, म्हणजे आढ्याकडच्या बाजूला, पाणी धुराड्याला धडकून साचतं, तिथं पत्र्याचीच छोटी पन्हळ करून दोन्ही बाजूंना उतार द्यायचा. पत्रा कसला? जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा, समुद्राकाठी फार टिकत नाही, ॲल्युमिनियमला ओला चुना आणि सिमेंट खातं. तांब्याचा पत्रा महाग वाटेल खरं लागतो किती, दहा-बारा चौरस फूट. ओळखीच्या तांबटाकडनं कापून वाकवून बेळगावातनंच घेऊन जा. खिळेबी तांब्याचेच, लोखंडी खिळा तांब्याला लागला की खाऱ्या हवेत खिळाच आधी संपतो.

लोखंडावरनं आठवलं, चौथ्या फोटोत धुराड्याच्या कोपऱ्यावर उभी भेग आहे, सरळ, फूटभर. मला वाटतंय की त्या लोकांनी आधाराला आत सळी घातलीय. लोखंड गंजलं की मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं आणि दगड फोडून ती घेतं. सळी असली तर काढायची. बांधायलाच काही लागलं तर स्टेनलेस घ्या, ३१६ नंबरचं मागा, दुकानदार ३०४ देईल, समुद्राकाठी ३१६.

सिमेंट काढायचं कसं, इथं लई जण घाई करतात. ग्राइंडर लावू देऊ नका, तो दरजेबरोबर चिऱ्याची कडसुद्धा कापतो आणि मग दरज अर्ध्या इंचाची एक इंच होते. छिन्नी आणि हलकी हातोडी. आधी हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा, बद्द आवाज आला तिथं सिमेंट सुटलेलंच असतं, ते आपोआप येतं. जिथं कण्ण वाजतं आणि काढायला गेलं की दगडाचं तोंड घेऊन येतं तिथं सोडून द्या, राहू दे. सगळं काढलंच पाहिजे असा हट्ट धरला की निम्मा चिरा घमेल्यात जातो. दरज मात्र रुंदीच्या अडीचपट तरी खोल साफ व्हायला पाहिजे, अर्ध्या इंचाच्या दरजेला सव्वा इंच, नाहीतर नवा चुना पापडासारखा सुटून येतो. पांढरी पावडर कोरड्या ब्रशनं झाडून पोत्यात भरून लांब टाका, पाण्यानं धुवू नका, धुतली की मीठ परत आत. लई मीठ असलं तर साध्या चिकणमातीचा, गोड्या पाण्यात कालवलेला लेप बोटभर जाड लावायचा, वाळला की उतरवायचा, मीठ ओढून घेतो. दोन-तीनदा करावं लागतं.

चुना. कारवारात सुण्णा म्हणा, चुनो म्हणा, दुकानदाराला कळतं, खरं तो तुम्हाला रंगाचा चुना देईल, तो नको. कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना आणून स्वतः विझवला तर उत्तम. लोखंडी पिंपात आधी पाणी आणि मग चुना थोडा थोडा, उलटं कधी करू नका, चुन्यावर पाणी ओतलं की उसळून अंगावर येतं. डोळ्याला गॉगल पाहिजेच, चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो, ह्यात चेष्टा नाही. तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरू दे, जास्त राहिला तर अजून चांगला, लोण्यासारखा होतो. मग एक भाग चुना, दोन भाग वाळू, एक भाग सुरखी. सुरखी म्हणजे विटेची पूड, तिच्यामुळं चुना ओलीतबी धरतो, म्हणून किनाऱ्याला ती पाहिजेच. आमच्या खानापूरच्या कौल-विटांचे तुकडे कांडून चांगली होते, जास्त भाजून काळी पडलेली वीट मात्र नको, तिच्यात जोर राहत नाही. जुन्या काळी गुळाचं नि हिरड्याचं पाणी घालायचे, मेस्त्री जाणता असला तर घालू द्या, नसला तर त्याच्यावर प्रयोग करू नका.

वाळूचं काय ते नीट ऐका, कारण इथंच अर्धी कामं नासतात. कारवारात कुणीतरी म्हणणार की काळी नदीची वाळू आहे, गोडी आहे. सदाशिवगडापाशी ती नदी नव्हं, खाडी आहे, भरतीचं पाणी आत येतं, वाळू खारीच. आमच्याकडं एक म्हातारे मेस्त्री होते, लॉरी आली की चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायचे, थुंकायचे आणि नुसती मान हलवायचे, लॉरी परत. तुम्ही जिभेवर ठेवू नका. मूठभर वाळू तांब्याभर पिण्याच्या पाण्यात ढवळा, फडक्यातनं गाळा, ते पाणी स्टीलच्या ताटलीत उन्हाला ठेवा. शेजारी दुसऱ्या ताटलीत नुसतं पिण्याचं पाणी. संध्याकाळी पहिल्या ताटलीत पांढरा थर जास्त धरला तर वाळू परत पाठवा. सगळ्यात सोपं म्हणजे धुतलेली एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घ्या, बिल घेऊन. तिला मीठ नाही आणि उद्या कुणी विचारायलाबी येत नाही की वाळू कुठनं आणली.

पापुद्रे सुटलेले चिरे किती आहेत ते मोजा. बोटाच्या पेरापर्यंत झिजलेत ते राहू दे, दरजा भरून वर चुन्याचा पातळ गिलावा. निम्म्यावर गेलेत ते बदला. भिंतीतला चिरा असता तर मी म्हटलं असतं की काढून उलटा करून बसवा, आतलं तोंड कोरं असतं, पैसे वाचतात. धुराड्यात तसं करू नका, आतलं तोंड काजळीनं भरलेलं, बाहेर आलं की पावसात वर्षभर काळं गळत राहणार. नवा चिरा खाणीतनं आणलेला लगेच लावू नका, थोडे महिने अंगणात वाऱ्यावर पडू दे. एखाद्या पाडलेल्या घराचा जुना मिळाला तर तोच बघा.

आतनं धुराड्याला गिलावा पाहिजे, नाहीतर धूर दरजांतनं माळ्यावर जातो. कौलाखालचे वासे सुकलेले, ठिणगी पुरे. त्याची तपासणी अशी की खाली ओलं गवत पेटवायचं, वर गोणपाटाचा बोळा घालून तोंड बंद करायचं आणि एकानं माळ्यावर बॅटरी घेऊन बसायचं. कुठनं धूर येतो तिथं खडूनं खूण करायची. पाच मिनिटांचं काम, आईंना तेवढ्या वेळ ओसरीवर बसवा. आतल्या गिलाव्यात चुन्याबरोबर थोडं शेण घालतात, नाक मुरडू नका, इंग्लंडातल्या जुन्या घरांच्या चिमण्यांनाबी आतनं चुन्यात शेण कालवूनच लिंपायचे, उष्णतेनं तडे कमी जातात. काजळी वर्षातनं दोनदा काढा, दोराला वीट आणि गोणपाट बांधून वरनं खाली. ओलं जळण बंद केलंत तर निम्मी काजळी धरतच नाही.

कधी करायचं? आता नाही. पावसात चुना धरत नाही आणि कौलावर चढायचं काम शेवाळावर होत नाही. दिवाळीनंतर सुरू करा, फेब्रुवारीअखेर संपवा. चुना हवेतनं हळूहळू घट्ट होतो, जूनच्या पहिल्या माऱ्याआधी त्याला दोन-तीन महिने मिळाले पाहिजेत. काम झालं की ओलं गोणपाट बांधून आठ-दहा दिवस शिंपडत राहायचं, उन्हात भरभर वाळला की चुना भुसभुशीत. आताच्या पावसापुरतं माथ्यावर ताडपत्री टाका, चारी बाजूंनी वारा खेळता ठेवून, आणि आईंना तेवढे महिने गॅसवर नाहीतर मागच्या पडवीत चूल मांडून द्या.

आणि सुरुवात करायच्या आधी ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडून बघा. कौलावरचं धुराडं एका बाजूला कललेलं दिसलं तर दरजाबिरजा सोडा, ते कौलापर्यंत उतरवून परत बांधायचं, आणि ते सांगायला साइटवर जाणता माणूस पाहिजे, माझ्यासारखा फोटो बघून सांगणारा नको.

गीझरबद्दल भावाला स्पष्ट सांगा, नाही म्हणजे नाही. जुन्या धुराड्यात गॅस गीझरचा पाइप सोडायचा नसतो. भेगा असल्या की गीझरमधला विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, घरात उतरतो, त्याला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. बंद न्हाणीघरात गीझरनं माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचतोच की आपण. वहिनींची इलेक्ट्रिक चिमणी गॅसच्या ओट्यावर खुशाल बसवा, तिला वेगळा पाइप भिंतीतनं काढा, धुराड्यात जोडू नका, दोघांचं भांडण नाही. पाडायचंच असलं तरी अर्धं पाडू नका. खालचं चुलीवरचं काढून वरचं कौलावर तसंच ठेवतात लोक, दोन-अडीच टन दगड नुसत्या वाशांवर टांगलेला राहतो.

खरं मी पाडू नका म्हणतोय त्याचं अजून एक कारण आहे. कारवारकडं जुन्या घरात असं बांधीव धुराडं फार बघायला मिळत नाही, बहुतेक ठिकाणी धूर कौलांच्या फटीतनंच जायचा. तुम्ही लिहिलंय की आजोबा बेळगावला कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, बंगल्यांवर कामाला होते. तवा कारवार आणि बेळगाव दोन्ही मुंबई इलाख्यातच होते, माणसं घाट चढून कामाला यायची आणि बघितलेलं घेऊन परत जायची. कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांना शेकोट्या आणि धुराडी असायची. आजोबांनी तिथलं बघून बायकोच्या डोळ्यातला धूर काढला, असं मला आपलं वाटतं. कुणी लिहून ठेवलेलं नाही.

शेवटच्या फोटोत धुराड्याच्या बुडाशी पिंपळाचं रोप आहे, वीतभर. ते ओढू नका, मूळ आत दोन चिऱ्यांच्या मागं गेलेलं असतं, ओढलं की चिरा हातात. आता नुसतं कापा, परत फुटलं की परत कापा, दरजा उघडल्यावर मूळ सगळं निघंल. आणि गणपतीला तुम्ही सगळे अणशी घाटातनं खाली उतरणारच आहात तर आरशाचं काम भावाकडनंच करून घ्या, त्यालाच वाकून आभाळ बघू दे. आरसा मात्र शहापुरातनंच घेऊन जा, सणाच्या दिवशी त्या घरात एकबी आरसा मोकळा मिळायचा नाही.